बाण कोणाचा? बॅगेवरची बलं आणि त्यांची आकृती

स्तर ४ | विज्ञान वाचन

या धड्यात आपण बलांचे मुख्य प्रकार मराठीत ओळखणार आहोत आणि एका वस्तूवरची बलं बाणांनी दाखवायला शिकणार आहोत. वही, पेन्सिल आणि पट्टी जवळ ठेवा. वाचताना आकृत्या काढत चला. नुसतं वाचून हा धडा पुरा होणार नाही.

थोडं आठवा

तुमच्या शाळेत 'फोर्स' शिकवला असेल. मराठीत त्याला बल म्हणतात. घरी बोलताना आपण जोर म्हणतो: 'जरा जोर लाव', 'दार जोरात ढकल'. ताकद हा शब्दही तुम्ही ऐकला असेल. पण ताकद आणि बल एक नाही. ताकद माणसाच्या अंगात असते. बल कोणाच्याही अंगात नसतं. ते नेहमी दोघांमध्ये असतं: एक बल लावणारा आणि दुसरा ज्याच्यावर बल लागतं तो.

म्हणून प्रत्येक बलाला तीन प्रश्न विचारायचे:

१. कोण लावतं?
२. कोणावर लावतं?
३. कोणत्या दिशेने?

पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर ते बल नाहीच. त्याचा बाण काढायचा नाही. हा एकच नियम या धड्यात पुन्हा पुन्हा येईल.

नवे शब्द

वस्तुमान – वस्तूत किती द्रव्य आहे ते. किलोग्रॅममध्ये मोजतात.
वजन – पृथ्वी वस्तूला ज्या बलाने खाली ओढते ते बल. न्यूटनमध्ये मोजतात.
अभिलंब बल – पृष्ठभाग वस्तूला जे बल लावतो ते. पृष्ठभागाशी काटकोनात असलेलं. शाळेत तुम्ही याला 'नॉर्मल फोर्स' म्हणता.
ताण – ताणलेली दोरी, पट्टा किंवा तार जे ओढते ते बल.
घर्षण – दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना, किंवा घासू पाहताना, लागणारं बल.
संतुलित बलं – एकमेकांना पुरी पडणारी बलं. त्यांची बेरीज शून्य होते.
मुक्त वस्तू आकृती – एकच वस्तू वेगळी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती.

१. बलांचे प्रकार

आपलं उदाहरण तुमच्या ओळखीचं आहे: भारतात जाताना भरलेली बॅग. इकॉनॉमीच्या तिकिटावर बऱ्याच विमान कंपन्या एका बॅगेला २३ किलोची मर्यादा ठेवतात. आपली बॅग बरोबर २३ किलोची आहे असं धरू.

बलांचे दोन मोठे गट आहेत.

पहिला गट: स्पर्श न करता लागणारी बलं. पृथ्वी बॅगेला खाली ओढते, ते गुरुत्वीय बल. लोहचुंबक टाचणीला लांबून ओढतो, ते चुंबकीय बल. केसांवर घासलेला फुगा कागदाचे कपटे उचलतो, ते स्थितिक विद्युत बल. या धड्यात आपल्याला यातलं फक्त गुरुत्वीय बल लागेल.

दुसरा गट: स्पर्शाने लागणारी बलं. जमिनीचं अभिलंब बल, दोरीचा ताण, घर्षण, स्प्रिंगचं बल, हवेचा रोध, पाण्याचं वर ढकलणारं प्लावक बल. तुमच्या हाताने लावलेलं बलही याच गटात. त्याला स्नायू बल म्हणतात.

यातून एक सोपी युक्ती मिळते. बॅगेवर कोणती बलं आहेत हे शोधायचं असेल तर दोन कामं करा. आधी पृथ्वीचा एक बाण खाली काढा. तो नेहमीच असतो. मग बॅगेभोवती मनातल्या मनात बोट फिरवा आणि बघा, तिला कोणाकोणाचा स्पर्श होतोय? जो स्पर्श करतो, तोच बल लावू शकतो. बाकी कोणी नाही.

२. पहिली आकृती: बॅग जमिनीवर उभी आहे

वजन काढण्यासाठी वस्तुमानाला ९.८ ने गुणायचं.

२३ × ९.८ = २२५.४, म्हणजे सुमारे २२५ न्यूटन.

एक न्यूटन म्हणजे किती? १०० ग्रॅमचं छोटं सफरचंद तळहातावर ठेवा. हाताला जे जाणवतं ते जवळपास १ न्यूटन.

इथे एक गंमत आहे. घरी आपण म्हणतो, 'बॅगेचं वजन २३ किलो.' बोलताना हे चालतं, सगळेच म्हणतात. पण विज्ञानाच्या वहीत २३ किलो हे वस्तुमान आणि २२५ न्यूटन हे वजन. हीच बॅग चंद्रावर नेली तर वस्तुमान २३ किलोच राहील, वजन मात्र सुमारे ३७ न्यूटन होईल, कारण चंद्र तिला कमी बलाने ओढतो.

आता वही उघडा.

पायरी १. एक छोटा चौकोन काढा. हीच बॅग. जमीन, माणसं, विमानतळ काहीही काढू नका. मुक्त वस्तू आकृतीत वस्तू एकटी असते.
पायरी २. प्रमाण ठरवा: १ सेंटिमीटर = ५० न्यूटन.
पायरी ३. चौकोनाच्या मध्यापासून सरळ खाली ४.५ सेंटिमीटरचा बाण काढा. शेजारी लिहा: 'वजन, पृथ्वीचं, २२५ न्यूटन'.
पायरी ४. बॅगेला कोणाचा स्पर्श आहे? जमिनीचा. जमीन बॅगेला वर ढकलते. वर ४.५ सेंटिमीटरचा बाण काढा. लिहा: 'अभिलंब बल, जमिनीचं, २२५ न्यूटन'.

दोन बाण, सारख्या लांबीचे, विरुद्ध दिशांना. बलं संतुलित आहेत. बॅग जागची हलत नाही.

सांगा पाहू: बॅगसुद्धा जमिनीला खाली दाबते ना? मग तो बाण कुठे गेला?

बॅग जमिनीला दाबते हे खरं आहे. पण ते बल कोणावर आहे? जमिनीवर. म्हणून तो बाण जमिनीच्या आकृतीत जाईल, बॅगेच्या नाही. न्यूटनने १६८७ साली 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले. तिसरा नियम सांगतो की बलं नेहमी जोडीने येतात: जमीन बॅगेला जितकं वर ढकलते, तितकंच बॅग जमिनीला खाली ढकलते. पण जोडीतली दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, एकाच आकृतीत ती कधीच येत नाहीत. मग वजनाचा जोडीदार कोण? पृथ्वी बॅगेला २२५ न्यूटनने खाली ओढते, तर बॅगही पृथ्वीला २२५ न्यूटनने वर ओढते. पृथ्वी इतकी प्रचंड आहे की तिला काही फरक पडत नाही, एवढंच.

३. बॅग काट्याला लटकली आहे

निघायच्या आदल्या रात्री घरोघरी हेच चालतं. हातातला वजनकाटा बॅगेच्या मुठीत अडकवायचा आणि बॅग उचलायची. आता बॅग जमिनीवर नाही. स्पर्श कोणाचा? फक्त काट्याच्या पट्ट्याचा. पट्टा बॅगेला वर ओढतो. हा ताण.

आकृतीत पुन्हा दोनच बाण: खाली वजन २२५ न्यूटन, वर ताण २२५ न्यूटन. जमिनीचा बाण आता नको, कारण जमिनीचा स्पर्श सुटला.

काटा खरं म्हणजे वजन मोजत नाही. तो ताण मोजतो. बॅग स्थिर धरली तर दोन्ही सारखे, म्हणून काटा बरोबर सांगतो. पण बॅगेला झटका देऊन वर उचललंत तर ताण वजनापेक्षा जास्त असतो. वरचा बाण लांब झाल्याशिवाय बॅगेचा वेग वर वाढणारच नाही. बॅगेचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद इतका वाढत असेल, तर त्या क्षणी काटा सुमारे २५ किलो दाखवेल! त्यामुळे उगाच लाडवांचा डबा बाहेर काढला जाईल. बॅग उचला, हात स्थिर करा, मग आकडा वाचा.

हे नेहमी लक्षात ठेवा: दोरी किंवा पट्टा फक्त ओढतो. दोरीने कोणाला ढकलता येत नाही. ताणाचा बाण नेहमी वस्तूपासून दोरीच्या दिशेने बाहेर जातो.

४. बॅग ओढली जाते आहे

समजा एक चाक मोडलं आहे आणि बॅग गालिच्यावरून ओढावी लागते आहे. तुम्ही ६० न्यूटनने आडवं पुढे ओढता. बॅग सारख्या वेगाने पुढे सरकते.

आता बाण चार:
• खाली – वजन, पृथ्वीचं, २२५ न्यूटन.
• वर – अभिलंब बल, गालिच्याचं, २२५ न्यूटन.
• पुढे – हाताचं बल, ६० न्यूटन.
• मागे – घर्षण, गालिच्याचं, ? न्यूटन.

घर्षण किती? बरेच जण म्हणतील, '६० पेक्षा कमी, म्हणून तर बॅग पुढे जाते आहे.' थांबा. वेग सारखाच राहतो आहे, वाढत नाही. म्हणजे पुढचं आणि मागचं बल सारखं आहे. घर्षणही ६० न्यूटनच! पुढचं बल मोठं असतं तर बॅगेचा वेग वाढत गेला असता. वस्तू चालत राहायला उरलेलं बल लागत नाही. वेग बदलायला लागतं.

आता मूठ तिरकी धरा. जमिनीशी ३० अंशांचा कोन करून तुम्ही १०० न्यूटनने वर-पुढे ओढता. या ओढीतला ५० न्यूटनचा भाग बॅगेला वर उचलतो. मग जमिनीला पूर्ण २२५ पेलावे लागत नाहीत. अभिलंब बल फक्त १७५ न्यूटन उरतं.

उलट, त्याच कोनात मागून खाली-पुढे ढकललंत तर तुमचे ५० न्यूटन वजनात भर घालतात. अभिलंब बल २७५ न्यूटन होतं. पृष्ठभाग जितके जास्त दाबले जातात, तितकं घर्षण जास्त. म्हणून जड बॅग ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं जातं. दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढा; कारण डोळ्यांना दिसेल.

५. बॅग चढत्या पट्ट्यावर आहे

विमानतळावर बॅग काउंटरवरून आत जाते. काही ठिकाणी सरकता पट्टा वर चढत जातो. बॅग त्यावर आडवी आहे आणि एकसारख्या वेगाने पट्ट्याबरोबर वर जाते आहे.

करून पहा: चौकोन तिरका काढा. मग बाण:
• वजन – सरळ खाली. तिरकं नाही! पट्टा कसाही असो, पृथ्वी खालीच ओढते.
• अभिलंब बल – पट्ट्याशी काटकोनात. म्हणून हा बाण तिरका येईल.
• घर्षण – पट्ट्याला लागून, चढाच्या दिशेने वर.

घर्षण वर? हो. बॅग खाली घसरू पाहते, आणि घर्षण तिला घसरू देत नाही. इथे घर्षण बॅगेची वाट अडवत नाही, तेच बॅगेला वर नेतं. 'घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असतं' हे वाक्य अर्धवट आहे. पूर्ण वाक्य असं: घर्षण घसरण्याच्या विरुद्ध असतं. तुम्ही चालता तेव्हा तळवा मागे घसरू पाहतो, म्हणून घर्षण तुम्हाला पुढे ढकलतं. ओल्या फरशीवर हे बल कमी पडतं, आणि मग काय होतं ते सांगायला नको.

माहीत आहे का तुम्हाला?

अभिलंब बल, ताण आणि घर्षण ही तीन नावं वेगळी असली तरी मुळाशी तिन्ही एकच आहेत. अणूंमधल्या विद्युतचुंबकीय बलातूनच ती तयार होतात. म्हणजे जमीन बॅगेला वर ढकलते तेव्हा खरं काम जमिनीच्या आणि बॅगेच्या अणूंचं असतं.

६. संवाद: फेकतं कोण?

बॅग पोहोचली. तुम्हीही पोहोचलात. आता सगळे गाडीत बसताहेत. हा संवाद दोघांनी मोठ्याने वाचा.

आजी: मी मागे बसते. मला नको बाई तो पट्टा. बाळाला मांडीवर घेते, घट्ट धरून ठेवते.
नात: आजी, गाडी एकदम थांबली तर?
आजी: तर काय, जरा पुढे फेकले जाऊ.
नात: फेकतं कोण गं?
आजी: कोण म्हणजे? ब्रेक!
नात: ब्रेक चाकाला धरतो. तुला कुठे हात लावतो?
आजी: अगंबाई, खरंच की. मग कोण?
नात: कोणीच नाही. गाडीबरोबर आपणही पुढे जातच असतो. गाडी थांबते, आपण नाही थांबत. आपल्याला थांबवायला कोणीतरी मागे बल लावायला लागतं.
आजी: मग बाळाला मी लावेन की. दहाच किलोचं तर आहे!
नात: चल, हिशोब करूया.

नातीचा हिशोब आपणही करू. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जाते आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. समोर धडक बसून ती ०.१ सेकंदात थांबली असं धरू.

लागणारं बल = वस्तुमान × वेगातला बदल ÷ लागलेला वेळ
= १० × १४ ÷ ०.१ = १४०० न्यूटन.

हे बल सुमारे १४० किलोच्या वस्तूच्या वजनाइतकं आहे. तेही अचानक, डोळ्याची पापणी लवायच्या आत. इतकं बल दोन हातांनी लावणं कोणालाच जमत नाही, मग माया कितीही असो. आजीने पट्टा लावला नसेल तर तिला स्वतःलाच थांबवणारं कोणी नाही. पुढच्या सीटची पाठ सोडली तर.

मागच्या सीटवर ठेवलेल्या आपल्या बॅगेलाही हाच हिशोब लावा: २३ × १४ ÷ ०.१ = ३२२० न्यूटन. सीटचं घर्षण इतकं बल देऊ शकत नाही. बॅग सरकते आणि पुढच्या माणसाच्या पाठीशी थांबते. म्हणून जड सामान डिकीत.

आता आकृती काढा. धडकेच्या वेळी पट्टा लावलेल्या माणसावर चार बाण: खाली वजन, वर सीटचं अभिलंब बल, मागे सीटचं घर्षण आणि मागे सीटबेल्टचं बल. पुढे एकही बाण नाही. 'पुढे फेकणारं बल' काढायला हात शिवशिवेल. पण पहिला प्रश्न विचारा: कोण लावतं? उत्तर नाही. बाण नाही.

आजी: म्हणजे बाळाची वेगळी सीट हवीच म्हण की.
नात: हवीच.
आजी: बरं. आणि माझा पट्टा कुठे अडकवायचा ते दाखव आधी.

७. आकृती तपासा

आकृती पूर्ण झाली की या पाच ओळी वाचा आणि बरोबरची खूण करा.

• वस्तू एकटीच काढली आहे.
• प्रत्येक बाणाशेजारी बल लावणाऱ्याचं नाव आहे.
• सगळे बाण याच वस्तूवरच्या बलांचे आहेत.
• वजन सरळ खाली आहे.
• वेग किंवा 'पुढे जाण्याचा जोर' याचा बाण काढलेला नाही.

सराव

अ. रिकाम्या जागा भरा.
१. पृथ्वी वस्तूला ज्या बलाने ओढते त्याला ______ म्हणतात.
२. दोरी वस्तूला फक्त ______, ढकलत नाही.
३. घर्षण ______ विरुद्ध असतं.

आ. मुक्त वस्तू आकृती काढा. प्रत्येक बाणाला 'कोणाचं बल' ते लिहा.
१. बाल्कनीत दोरीने टांगलेला आकाशकंदील. वस्तुमान ०.५ किलो. वारा नाही.
२. कॅरमचा स्ट्रायकर. बोटापासून सुटला आहे, बोर्डावरून सरकतो आहे, अजून कोणत्याही सोंगटीला लागलेला नाही.

इ. विचार करा आणि तोंडी सांगा.
रस्सीखेच चालू आहे. दोर हलका आहे, म्हणून तो दोन्ही संघांना सारख्याच बलाने ओढतो. मग एक संघ जिंकतो कसा?

ई. घरी बोला.
धड्यातला गाडीचा हिशोब घरातल्या मोठ्या माणसाला मराठीत समजावून सांगा. 'कोण लावतं?', 'कोणावर?' आणि 'कोणत्या दिशेने?' हे तिन्ही प्रश्न वापरा.

उत्तरं

अ. १. वजन २. ओढते ३. घसरण्याच्या
आ. १. दोन बाण: खाली वजन, पृथ्वीचं, ४.९ न्यूटन, वर ताण, दोरीचा, ४.९ न्यूटन. २. तीन बाण: खाली वजन, पृथ्वीचं, वर अभिलंब बल, बोर्डाचं, मागे घर्षण, बोर्डाचं. बोटाचा बाण काढला असेल तर खोडा. बोटाचा स्पर्श सुटला, बलही संपलं. स्ट्रायकर पुढे जातो कारण त्याला आधीच वेग मिळालेला आहे.
इ. प्रत्येक संघाची वेगळी आकृती काढा. दोराचा बाण दोन्हीकडे सारखा येतो. फरक असतो तो पायांखाली: ज्या संघाला जमिनीकडून जास्त घर्षण मिळतं तो जिंकतो. म्हणून रस्सीखेचीत हातांइतकेच पाय महत्त्वाचे.